पाठ कुणी पाहिली, वही कुणी लिहिली?

(हैदराबादेत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या एका वाचन-गटासमोर केलेल्या भाषणाचं हे संपादित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी आहे. कादंबरीवर बोल म्हटल्यावर आधी मी नकोच म्हणाले होते. पण आजच्या कादंबरीने माझ्या संशोधनाच्या वहीतली काही पानं मला पुन्हा लिहायला लावली, म्हणून उभी राहिले. ती गोष्ट शेवटी सांगते.

सुरुवात ओळखीच्या जागेवरून करू. इथं बसलेले बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. परीक्षेत 'अमुक पात्राचं व्यक्तिचित्र रेखाटा' असा प्रश्न आला की आपण काय करायचो? गाइड उघडायचो. त्यात विशेषणं असायची: प्रेमळ, धाडसी, सोशिक, स्वाभिमानी. प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी लिहिल्या की झाले मार्क. विशेषण म्हणजे निकाल झाला, पुरावा वेगळा असतो, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. पुरावा असतो लेखकाने डोळ्यांसमोर ठेवलेल्या गोष्टींत. जखमेचा आकार, डोक्यावरची टोपी, गोधडीवरचं ठिगळ यांत. टोनी मॉरिसन यांच्या 'बिलव्हेड' या कादंबरीतली माणसं आज अशा तपशिलांतून वाचू. आणि प्रत्येक तपशिलाला एक प्रश्न विचारत राहू: हे कोण पाहतंय?

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कादंबरी 1987 साली आली, 1988 मध्ये तिला पुलित्झर मिळालं. 1993 मध्ये मॉरिसन यांना साहित्याचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. कथेचं मूळ खऱ्या घटनेत आहे. जानेवारी 1856 मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री गोठलेली ओहायो नदी ओलांडून केंटकीतून सिनसिनाटीला कुटुंबासह पळून आली. ओहायो राज्यात गुलामी नव्हती, पण 1850 च्या कायद्याने पळालेल्या माणसाला तिथूनही धरून नेता यायचं. पकडणारे दारात आले तेव्हा आपली मुलगी परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिने त्या दोन वर्षांच्या लेकराला मारलं. प्रकाशनसंस्थेत संपादक म्हणून काम करताना मॉरिसन यांना या घटनेचा वृत्तपत्रातला मजकूर सापडला. त्यातून त्यांनी 'सेथा' उभी केली.

कादंबरीतली सेथा केंटकीतल्या 'स्वीट होम' नावाच्या शेतावरून पळते. सिनसिनाटीच्या वेशीवर सासू बेबी सग्जच्या घरी पोहोचते. तिथं तिला अठ्ठावीस दिवसांचं स्वातंत्र्य मिळतं. मग चार घोडेस्वार येतात आणि लाकडाच्या खोपटात ती आपल्या रांगत्या लेकीचा गळा चिरते. कथा सुरू होते त्यानंतर अठरा वर्षांनी, 1873 मध्ये. घरात उरलेत सेथा, धाकटी मुलगी डेन्व्हर आणि मेलेल्या लेकीचं अस्वस्थ अस्तित्व.

1873 म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. म्हणजे ही माणसं आपल्याला परकी नाहीत. जोतीरावांनी त्यांच्याशी नातं दीडशे वर्षांपूर्वीच जोडून ठेवलंय. पण नातं वेगळं आणि बरोबरीचं चिन्ह वेगळं. गुलामी आणि जात यांच्यामध्ये घाईने बरोबरीचं चिन्ह टाकलं की दोन्हीकडचं नीट दिसेनासं होतं. म्हणून सेथाला आधी तिच्याच जागी पाहू.

पहिला तपशील: सेथाची पाठ.

शेताचा मालक मेल्यावर त्याचा एक नातेवाईक कारभार बघायला येतो. कादंबरीभर त्याचं नाव एकच, स्कूलटीचर. त्याचे भाचे सेथाला धरतात आणि अंगावर पाजत्या लेकराच्या वाटचं दूध तिच्या छातीतून ओढून घेतात. ती मालकिणीकडे हे बोलते. त्याची शिक्षा म्हणून पोटुशी असताना तिची पाठ चाबकाने फोडली जाते. आता पाहा, मॉरिसन स्वतः पुढे येऊन ती पाठ कशी दिसते हे एकदाच सांगून मोकळ्या होत नाहीत. ती आपल्याला तीन माणसांच्या डोळ्यांतून दिसते.

पहिली एमी. गोरी पोरगी, स्वतःही वेठीच्या करारातून पळालेली, मखमलीचं कापड घ्यायचं म्हणून बॉस्टनकडे चाललेली. रानात पडलेल्या सेथाची पाठ बघून ती म्हणते, हे तर चोकचेरीचं झाड आहे. चोकचेरी म्हणजे तिकडचं एक रानझाड. मधली उभी चीर म्हणजे बुंधा, बाजूचे वळ म्हणजे फांद्या, पू भरलेले फोड म्हणजे पांढरा मोहर. एमीला शब्दांची हौस आहे. पण नुसते शब्द देऊन ती थांबत नाही. कोळ्याची जाळी आणून जखमेवर लावते, सुजलेले पाय चोळते आणि बाळंतपणही तीच करते.

दुसरी बेबी सग्ज. सून घरी पोहोचल्यावर रात्री ती तिला एकेक अवयव करत आंघोळ घालते. पांघरुणावर रक्ताचे डाग फुलासारखे उमटलेले पाहून ती तोंडावर हात ठेवते. एक शब्द बोलत नाही. पाठीला मलम लावते आणि झग्याच्या आतून कापडाची दुहेरी घडी टाचून देते. स्वतः आयुष्यभर गुलामी भोगलेल्या बाईला पाठीवर झाड दिसत नाही. तिला उद्याच्या उद्या काय लागेल ते दिसतं.

तिसरा पॉल डी. स्वीट होमवरचा जुना सोबती, अठरा वर्षांनी भेटलेला. तो पाठीवरच्या वळांवर ओठ टेकवतो तेव्हा त्याला ते लोहाराने निगुतीनं घडवलेल्या नक्षीसारखे वाटतात. थोड्या वेळाने, जवळीक होऊन गेल्यावर, शेजारी पडल्या पडल्या तीच पाठ त्याला वणांचा किळसवाणा गोळा वाटते. म्हणतो, हे कसलं झाड? झाडाखाली तर माणसाला बसावंसं वाटतं. पाठ तीच, माणूसही तोच, मधे जेमतेम काही वेळ गेलाय. या एका प्रसंगातून पॉल डी जेवढा कळतो, तेवढा गाइडमधल्या दहा विशेषणांतून कळला नसता.

आणि सेथा? तिने ती पाठ कधीच पाहिलेली नाही. एमीने दिलेला शब्द ती अठरा वर्षं वापरते आहे. शिवाय पाठीची कातडी मेलेली आहे, तिथं स्पर्शही कळत नाही. आपल्याच शरीरावर दुसऱ्यांनी लिहिलेलं काहीतरी आहे, ते आपल्याला वाचता येत नाही, आणि जो तो आपापला अर्थ सांगतो आहे. गुलामी म्हणजे काय, याची व्याख्या मी समाजशास्त्राच्या पुस्तकांत खूप वाचली. ती मला समजली या पाठीपाशी.

इथं एक खरा फोटो आठवतो. 1863 मध्ये लुईझियानातल्या बॅटन रूज इथं उत्तरेकडच्या सैन्याच्या छावणीत एक पळालेला गुलाम पोहोचला. त्याच्या वळांनी भरलेल्या पाठीचा फोटो काढला गेला. त्याच वर्षी 'हार्पर्स वीकली'ने त्यावरून केलेलं चित्र छापलं आणि गुलामीविरोधी चळवळीत तो फोटो हातोहात फिरला. त्या फोटोने मोठं काम केलं, यात शंका नाही. पण त्या माणसाला कुणी पीटर म्हणतं, कुणी गॉर्डन. नावाचा घोळ राहिला, पाठ मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. कादंबरी त्याच पाठीच्या मालकाला आपल्याकडे तोंड करून बसवते.

दुसरा तपशील: स्कूलटीचरची वही.

हा माणूस आरडाओरडा करत नाही. तो मोजतो. गुलामांच्या डोक्याभोवती दोरी धरून मापं घेतो, दात मोजतो, प्रश्न विचारतो, उत्तरं वहीत लिहितो. एक दिवस सेथा खोलीबाहेर उभी असताना आपलं नाव ऐकते. आत तो भाच्यांना शिकवत असतो की हिचे माणसाचे गुणधर्म डावीकडे लिहा, जनावराचे उजवीकडे आणि ओळीला ओळ जुळवा. 'गुणधर्म' म्हणजे काय, हे तिला मालकिणीला विचारावं लागतं. उत्तर कळल्यावर तिच्यात जे तुटतं ते चाबकानेही तुटलेलं नसतं. पुढे लेकीला परत पाठवायचं नाही या निर्णयामागे वळ आहेतच, पण माझ्या लेकराचे गुणधर्म कुणी उजव्या रकान्यात लिहू नयेत हेही आहे.

आणि त्या वहीत वापरलेली शाई सेथानेच बनवलेली असते. तिने कालवलेली शाई त्याला पसंत असते. पुढे कितीतरी वर्षांनी ती हे पॉल डीला सांगते, आणि त्यात अपराधाची एक बोच आहे. जिच्या कष्टाची शाई, तिच्याच विरुद्ध मजकूर. ज्ञान कुणाच्या श्रमावर तयार होतं आणि कुणावर उलटतं, हा प्रश्न जोतीरावांनी आपल्याला दिलेला आहे. मॉरिसन तो एका दौतीत दाखवतात.

आता याला जोडून खोपटातला प्रसंग बघा. सेथा लेकीला मारते तो क्षण मॉरिसन पहिल्यांदा कुणाच्या नजरेने दाखवतात? आईच्या नाही, तर पकडायला आलेल्या गोऱ्यांच्या. त्यांना दिसतं नुकसान. आता इथं नेण्यासारखं काही उरलं नाही, एवढा हिशेब स्कूलटीचर करतो. सेथाच्या डोळ्यांतलं पांढरं नाहीसं झाल्यासारखं दिसतं, ती आंधळी वाटते. आंधळं कोण आहे, हे वाचकाने ठरवायचं. सेथाच्या बाजूने तो क्षण खूप नंतर येतो, आणि तिच्या बाजूला फक्त एक तपशील असतो: लांबून ओळखू आलेली स्कूलटीचरची टोपी. टोपी दिसते आणि तिच्या डोक्यात पंख फडफडू लागतात, चोची टोचू लागतात. एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत. पहिलं वाचताना आपण निकाल देऊन मोकळे होतो, आणि दुसरं वाचल्यावर तो निकाल मागे घ्यावा लागतो.

तिसरा तपशील: तोंड.

पळून जायचा बेत फसल्यावर पॉल डीच्या तोंडात लोखंडी लगाम घातला जातो, घोड्याला घालतात तसा. तेवढ्यात अंगणात त्याला 'मिस्टर' नावाचा कोंबडा दिसतो, टबावर ऐटीत बसलेला. कोंबड्याला मानाचं नाव आहे, त्याला हवं तिथं बसता येतं. पॉल डीला वाटतं, हा माझ्यापेक्षा मोकळा आहे. त्याच दिवशी त्याला सेथाचा नवरा हॅले दिसतो, तोंडाला लोणी फासून बसलेला. सेथाच्या अंगावरचं दूध ओढलं गेलं तेव्हा हॅले वरच्या माळ्यावरून सगळं पाहत होता आणि त्याला खाली उतरता आलं नाही. त्याचं डोकं फिरलं. ज्याने पाहिलं त्याला काही करता आलं नाही, आणि ज्याने त्याला पाहिलं त्याच्या तोंडात लगाम. लोणी, लगाम, कोंबडा हे तीन तपशील आहेत आणि त्यांत दोन पुरुष पूर्ण उभे राहतात.

पुढे हाच पॉल डी सेथाच्या गुन्ह्याचं वृत्तपत्रातलं कात्रण बघतो. त्याला वाचता येत नाही, पण एवढं ठाऊक आहे की काळ्या माणसाचं चित्र पेपरात छापून आलंय म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असणार. चित्र बघून तो एकच धोशा लावतो, हे तोंड तिचं नाही. आपल्या माणसाची चित्रं छापणारा कुणी वेगळाच असला की आपलं माणूस आपल्यालाच ओळखू येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

चौथा तपशील: रंग. हा माझा सगळ्यात आवडता.

खोपटातल्या त्या घटनेनंतर बेबी सग्ज खचते. आयुष्यभर लोकांना धीर देणारी, स्वतःच्या शरीरावर प्रेम करा असं सांगणारी ही म्हातारी शेवटी अंथरुणाला खिळते आणि मागते काय? रंग. जांभळट असेल तर तो आण, नसेल तर गुलाबी. तिच्या खोलीतली गोधडी निळसर, काळी, तपकिरी, राखाडी तुकड्यांची, आणि त्यात दोनच ठिगळं नारिंगी. ती आधी निळा बघते, मग पिवळा, मग हिरवा. गुलाबीपर्यंत येते आणि मरते. लाल रंगापर्यंत ती पोहोचतच नाही. का, ते सेथाला माहीत आहे. घरात लाल पुरेसा सांडून झालेला होता.

पहिल्यांदा वाचताना मला हे म्हातारपणचं खूळ वाटलं होतं. मग लक्षात आलं, या बाईला आयुष्यभर रंगाकडे नुसतं रंग म्हणून बघायला वेळच मिळालेला नाही. तिच्यासाठी रंग म्हणजे कातडीचा रंग, ज्यावर किंमत ठरते. मरायच्या आधी ती एकेक रंग त्या बाजारातून सोडवून घेते आहे. सेथाचं उलट. तिने शेवटचा लक्षात ठेवलेला रंग लेकीच्या थडग्याच्या दगडातल्या गुलाबी कणांचा. त्या दगडावर सात अक्षरं कोरून घेण्यासाठी तिने कोरणाऱ्याला दहा मिनिटं आपलं शरीर दिलं. त्याच सात इंग्रजी अक्षरांचं या कादंबरीचं नाव आहे. त्यानंतर तिला रंग दिसायचे थांबले. ती रोज पहाट बघते, पण पहाटेचा रंग तिला कळत नाही. दुःख किती आहे हे मॉरिसन सांगत बसत नाहीत. बाईला काय दिसायचं थांबलं, ते सांगतात.

पाचवा आणि शेवटचा तपशील असा की तो पाहिलाच जात नाही.

कादंबरीच्या शेवटी पॉल डी मोडून पडलेल्या सेथाच्या उशाशी बसतो. तेव्हा त्याला आठवतं की स्वीट होमवर त्याच्या गळ्यात एकदा लोखंडी पट्टा होता, त्याला वर वळलेल्या तीन लांब सळया. सेथा समोरच होती. तिने त्या पट्ट्याकडे पाहिलं नाही आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जनावरासारखं बांधल्याची लाज त्याला तिच्यासमोर वाटू नये म्हणून. सगळ्या कादंबरीत इतके डोळे इतकं काही बघत असतात. मोजणारे, किळस करणारे, हिशेब करणारे. आणि शेवटी त्या माणसाला सर्वांत मोठी देणगी म्हणून काय आठवतं, तर एका बाईने नजर बाजूला ठेवली होती.

आता माझ्या वहीची गोष्ट.

मी ऊसतोड करणाऱ्या बायकांवर संशोधन करते. तुमच्यापैकी मराठवाड्याकडच्यांना माहीत आहे, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. टोळीत माणसं किती असं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. माझे आई-वडील असाच एक कोयता होते. त्यामुळे मला वाटायचं, मी या बायकांबद्दल लिहिताना चुकणार नाही. मी आतली आहे.

एका हंगामात कोपीवर बसून एका मावशींची मुलाखत घेतली. घरातलं आवरून त्या समोर येऊन बसल्या, मी लिहून घेत होते. मग मी पाणी प्यायला उठले तेव्हा त्यांच्या सातवीतल्या मुलीने वही उचलली आणि मोठ्याने वाचायला लागली. हातांवर पाचटाचे चरे. टाचा फुटलेल्या. कंबरेचा त्रास. वयापेक्षा मोठी दिसते. मावशी ऐकत होत्या. मग हसल्या आणि म्हणाल्या, "अन् मी दिवाळीचं निळं पातळ नेसले, त्ये न्हाई व्हय लिवलं, पोरी?"

त्या माझ्यासाठी नवं पातळ नेसून बसल्या होत्या. निळं, किनारीला पिवळी रेघ. तासभर मी समोर बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. कारण माझ्या डोक्यात रकाने आधीच आखलेले होते, आणि निळ्या पातळाला त्यात जागा नव्हती. रकान्यांची नावं वेगळी होती. माझा हेतूही वेगळा होता. मी स्कूलटीचर नाही, हे मला माहीत आहे. पण वही माझ्या हातात होती, आणि मजकूर त्यांच्या अंगावरून उचललेला होता. त्या रात्री मी 'बिलव्हेड' पुन्हा काढली आणि वहीचं प्रकरण परत वाचलं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांबद्दल दुसऱ्यांनी वह्या भरल्या. आता वही आपल्या हातात आली आहे. कुणाच्या संशोधनाची, कुणाच्या बातमीची, कुणाच्या कवितेची, कुणाच्या सरकारी अहवालाची. आपण आतले आहोत एवढ्याने आपली नजर आपोआप सुधारत नाही. ती सुधारण्याचा सराव करावा लागतो, आणि कादंबरी त्यासाठी चांगली जागा आहे, कारण तिथं आपल्या चुकीने कुणाला इजा होत नाही. पात्राचं वर्णन आलं की थांबा. कोण पाहतंय ते विचारा. त्याला काय दिसत नाहीये ते विचारा. पाहून झाल्यावर तो काय करतो ते बघा: जाळी लावतो, की मोजमाप घेतो, की नजर बाजूला ठेवतो. मग हेच प्रश्न आपल्या वहीला विचारा.

मावशींच्या मुलाखतीचं पान मी नंतर नव्याने लिहिलं. चरे, टाचा, कंबर तसंच आहे, कारण तेही खरं आहे आणि ते लपवून कुणाचं भलं होत नाही. पण पान आता निळ्या पातळापासून सुरू होतं. पुढच्या हंगामात जाऊन मी ते त्यांना वाचून दाखवणार आहे. त्यात काही राहिलं असेल तर त्या सांगतील, आणि त्यांनी सांगितलेलं मी लिहून घेईन.